एक लॉक आणि वीस वर्षांचा एक्सपी : लातूर जिल्ह्यातील एका मुद्रणालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक लहान मुद्रणालय आहे. मालक, त्यांचा मुलगा, अक्षरजुळणी करणाऱ्या ताई आणि ऑफसेट यंत्रावरचे दोन कामगार, एवढाच तिथला कारभार. लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तके आणि मोंढ्यातील आडत दुकानांच्या हिशोबपट्ट्या व पावतीपुस्तके ही तिथली बारमाही कामे. मी लातुरात संगणक देखभालीचा व्यवसाय करतो आणि या मुद्रणालयाशी माझा संबंध पंधरा वर्षांहून जुना आहे. गावाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम गाळले आहेत.

प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेला संगणक 2004 च्या दिवाळीत घेतलेला होता. पेंटियम 4 प्रोसेसर, इंटेल 865 चिपसेटचा मदरबोर्ड, 40 जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या रुंद केबलने जोडायची) हार्ड डिस्क, आधी 256 आणि नंतर वाढवून 512 एमबी रॅम, आणि त्यावर सर्व्हिस पॅक 2 सह, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांच्या दुसऱ्या संचासह, विंडोज एक्सपी. एक्सपी बाजारात आली 2001 साली आणि तिची किमान गरज 64 एमबी रॅमची होती, त्यामुळे त्या काळाच्या मानाने हे यंत्र चांगले सशक्त होते. त्यात छपाईची पाने जुळवण्याचे पेजमेकर 7.0 आणि मराठी फॉन्ट व त्यांचा कळफलक असलेले एक पॅकेज बसवलेले होते. हे पॅकेज चालण्यासाठी संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या 25 पिनांच्या समांतर पोर्टवर, एक छोटे प्लास्टिकचे यंत्र लावावे लागे. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करण्याच्या, धंद्यात त्याला सगळे 'लॉक' म्हणतात; पॅकेजची नक्कल करून कोणी वापरू नये म्हणून ते असते. लॉक पोर्टला आणि प्रिंटरची केबल लॉकला, अशी जोडणी असते. लेझर प्रिंटरवर बटर पेपरचा प्रिंट काढायचा, त्यावरून प्लेट करायची आणि प्लेट यंत्रावर चढवायची, हा क्रम वीस वर्षे बदलला नव्हता.

इथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा पेच तिच्यातून निर्माण झाला. त्या पिढीचे मराठी फॉन्ट युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीवर, आधारलेले नव्हते. इंग्रजी अक्षरांसाठी ठरवलेल्या जागांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार, बसवलेले असत. फाइलमध्ये 'क' हे अक्षर साठवलेलेच नसे. साठवलेला असे तो एक आकडा, आणि त्या आकड्याचा अर्थ काय हे फक्त त्या फॉन्टला ठाऊक असे. म्हणून वीस वर्षांच्या फाइली हातात असूनही, तो कळफलक नसेल तर त्या फाइलींतली मराठी बदलता येणार नाही, आणि तो फॉन्टही नसेल तर वाचताही येणार नाही.

मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक 2 चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या देणे, 13 जुलै 2010 रोजी आणि एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपवला. त्या वेळी मी मालकांना हा संगणक इंटरनेटपासून तोडण्याचे सुचवले होते. ते म्हणाले, "चालायलीय की मशीन, कशाला हात लावायचा?" मी फार ताणून धरले नाही. धंद्याच्या हिशोबाने त्यांचे बोलणे चुकीचेही नव्हते, कारण ते यंत्र तेव्हाच आपली किंमत कित्येक पटींनी वसूल करून बसले होते.

जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मोंढ्यातील प्रत्येक दुकानाला आपली बिलपुस्तके नव्या रकान्यांसह पुन्हा छापून घ्यावी लागली. तेवढ्या कामासाठी मुलाने विंडोज 10 चा दुसरा संगणक आणला आणि दोन्ही यंत्रे एका राउटरला जोडून त्यांच्यात सामाईक फोल्डर ठेवले. म्हणजे तोडायचे ते जोडले गेले.

अडचण

2024 सालचा मार्च महिना या मुद्रणालयासाठी तिहेरी गर्दीचा होता. लग्नसराई होती, 1 एप्रिलपासूनच्या नव्या आर्थिक वर्षाची पावतीपुस्तके होती, आणि 16 मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागल्यामुळे प्रचाराच्या पत्रकांची विचारणा सुरू झाली होती. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव आणि पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 127 अ नुसार बंधनकारक आहे आणि छापलेल्या पत्रकाची प्रत घोषणापत्रासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. त्यामुळे अशा कामात उशीर किंवा चूक परवडत नाही.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. संगणक दुपारी आपोआप बंद होऊन चालू होत होता, आणि फाइल उघडताना आतून टिकटिक आवाज येत होता. मी गेलो तेव्हा तीन वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतलेले दिसले.

पहिला दोष क्षुल्लक वाटणारा होता. मदरबोर्डवरची सीआर2032 ही नाण्याच्या आकाराची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच संपली होती. वीज गेली की संगणकाची तारीख मागे जाऊन एका ठरावीक जुन्या तारखेला थांबायची आणि ताई एफ1 दाबून पुढे जायच्या. भारनियमनाच्या गावात हे दिवसातून दोनदा होत होते. कोणालाच त्याचे काही वाटत नव्हते आणि खरे सांगायचे तर मागच्या भेटीत ते पाहूनही मी बॅटरी बदलली नव्हती, कारण खिशात नव्हती.

दुसरा दोष मदरबोर्डचा. प्रोसेसरभोवतीच्या सहा कपॅसिटरांचे, ज्यांना आमच्याकडचे दुरुस्तीवाले कंडेन्सर म्हणतात, माथे फुगले होते आणि दोघांतून तपकिरी द्रव बाहेर आला होता. 2000 नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या पुष्कळ मदरबोर्डांत सदोष द्रवाचे कपॅसिटर वापरले गेले होते, ही त्या काळातील सर्वज्ञात गोष्ट आहे. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा आणि पत्र्याच्या छताखालची खोली यांची भर पडली की दुपारीच संगणक का बंद पडतो, हे वेगळे समजवावे लागत नाही.

तिसरा आणि खरा गंभीर दोष हार्ड डिस्कचा होता. वीस वर्षे फिरलेली ती तबकडी आता काही ठिकाणी वाचता येत नव्हती.

निर्णयाचा पहिला क्षण : आज काम की आज प्रत

त्या संध्याकाळी दोन वाटा होत्या. एक, संगणक तिथेच बंद करायचा, डिस्क काढून लातूरला न्यायची आणि आधी तिची तंतोतंत प्रत काढायची. यात किमान एक पूर्ण दिवस काम बंद राहिले असते. दुसरी, हाताशी असलेल्या चार लग्नपत्रिका आणि एका आडत दुकानाची पावतीपुस्तके संपेपर्यंत संगणक तसाच चालवायचा आणि मग प्रत काढायची. पत्रिकांपैकी एक त्याच रविवारच्या लग्नाची होती आणि वधूपिता समोर बसलेले होते.

मी दुसरी वाट मान्य केली. फक्त चालू कामांच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि केसिंगचे झाकण काढून समोर टेबल पंखा लावावा, एवढे सुचवून परतलो. पंख्यामुळे संगणकाचे बंद पडणे कमी झाले खरे, पण त्या दोन दिवसांत डिस्कचे जे नुकसान व्हायचे ते झाले. पेजमेकर प्रत्येक फाइल जपून ठेवताना डिस्कवर लिहीत होता, विंडोज आपली आभासी स्मृती त्याच डिस्कवर वापरत होती, आणि 512 एमबी रॅममुळे ती सतत वापरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी संगणक चालू झाला नाही.

डिस्क काढून आयडीई-यूएसबी जोडणीने मी ती लिनक्स चालणाऱ्या माझ्या संगणकाला लावली आणि डीडीरेस्क्यू या साधनाने प्रत काढायला सुरुवात केली. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, दुखऱ्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवते आणि शेवटी तेवढ्याच जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मरणाऱ्या डिस्कवर साधे कॉपी-पेस्ट करणे यासाठीच टाळावे, कारण एका अडलेल्या फाइलवर ते डिस्कला दमवत राहते आणि बाकीचे निरोगी क्षेत्र वाचायचे राहून जाते. रात्रभरात बहुतेक सगळी डिस्क उतरली. जे उतरले नाही त्यात हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकांचे एक संपूर्ण फोल्डर होते, आणि ताईंच्या म्हणण्यानुसार ते तीन दिवसांपूर्वी उघडत होते.

बॅटरीचा दोष इथे उलटला. मुद्रणालयात जुन्या सीडींवर काही फाइलींच्या प्रती होत्या, पण सीडीवरची नवी की डिस्कवरची नवी, हे तारखेवरून ठरवता येईना, कारण दोन वर्षांतल्या जवळपास सगळ्या फाइलींवर तीच एक जुनी तारीख होती. शेवटी ताईंनी स्मरणाने एकेक फाइल उघडून, दुकानाचा फोन नंबर बदललेला आहे की नाही अशा खुणांवरून, खरी प्रत निवडली. तीस-चाळीस रुपयांच्या बॅटरीने त्यांचे चार दिवस खाल्ले.

समोरचे पर्याय

डिस्कची प्रत हातात आल्यावर पुढे काय, हा प्रश्न शांतपणे मांडता आला. मालक, मुलगा, ताई आणि मी असे चौघे बसलो. मुलाचे मत होते की हे सगळे भंगारात काढून नवा संगणक घ्यावा. ताईंचे मत होते की लॉक चालते तोवर हलू नये. दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर होते.

सर्वस्वी नव्या यंत्राकडे जाण्यात अडचण अशी की पेजमेकरचे उत्पादन अडोबीने कधीच थांबवले आहे आणि त्याच्या फाइली सरळ उघडणारी, अडोबीच्याच इनडिझाइन या पाने जुळवण्याच्या नव्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती सीएस6 ही होती. पुढच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. लिबरऑफिस ड्रॉ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 4.4 या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली उघडण्याची सोय आली आहे आणि मी ती करून पाहिली. चौकटी, रेषा, रकाने बऱ्यापैकी जागेवर आले, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे, टोपीवाले स्वर आणि चिन्हांचा गोंधळ दिसला. फॉन्ट बसवल्यावर त्यातला बराचसा मजकूर मराठी दिसू लागला, तरी त्यात एक शब्दही दुरुस्त करता येत नव्हता, कारण कळफलक लॉकच्या ताब्यात होता.

जुनीच एक्सपी नव्या संगणकावर बसवण्याचा विचार फार वेळ टिकला नाही. आजचे मदरबोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीने चालू होतात आणि एक्सपीला ते जमत नाही. आजच्या एसएटीए डिस्कशी बोलण्याच्या एएचसीआय पद्धतीचे ड्रायव्हर तिच्यात नसतात आणि मग निळ्या पडद्यावर 0एक्स0000007बी ही त्रुटी येते. ग्राफिक्सचे ड्रायव्हर कोणी बनवत नाही. शिवाय लॉकसाठी समांतर पोर्टच नाही.

तिसरा मार्ग मला मनापासून आवडलेला होता. डिस्कच्या प्रतीवरून व्हर्च्युअल मशीन बनवायचे, म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक चालू राहील. ते मी माझ्या लॅपटॉपवर करून पाहिले. पहिल्या प्रयत्नात तोच निळा पडदा आला, डिस्कचा नियंत्रक बदलल्यावर एक्सपी उघडली, आणि हार्डवेअर बदलल्याचे ओळखून तिने तीन दिवसांत पुन्हा सक्रिय करण्याची सूचना दिली. पेजमेकर चालू झाला, फाइली उघडल्या, पण फॉन्ट पॅकेजने लॉक सापडत नसल्याचा निरोप दाखवला. बाजारात मिळणारी यूएसबी ते समांतर पोर्टची केबल प्रिंटरपुरती असते; पॅकेज लॉकचा शोध थेट 378एच या, समांतर पोर्टच्या संगणकातील ठरलेल्या, पत्त्यावर घेते आणि ती केबल असा पत्ता देतच नाही. संगणकाच्या आत समांतर पोर्टचे पीसीआय कार्ड लावले तरी त्याला बहुधा वेगळाच पत्ता मिळतो. त्यात परवान्याचाही प्रश्न होता. संगणकासोबत घेतलेली एक्सपीची प्रत त्या संगणकाशी बांधलेली असते, ती दुसऱ्या यंत्राच्या पोटात नेणे नियमात बसत नाही. त्या तीन दिवसांत तपासण्यासारखे तपासून मी तो प्रयोग थांबवला.

उरला चौथा पर्याय : जुनेच यंत्र दुरुस्त करून, जगापासून तोडून, मर्यादित कामापुरते चालू ठेवायचे आणि दरम्यान नवे काम हळूहळू युनिकोडकडे न्यायचे. हा पर्याय कोणालाच फार आवडला नाही. खर्च दोन्हीकडे होणार होता आणि ताईंना दोन पद्धती सांभाळाव्या लागणार होत्या. तरीही बाकीच्या तिन्ही वाटा लॉकपाशी येऊन अडत असल्यामुळे तोच ठरला.

केलेली कामे

डिस्कची प्रत एका 120 जीबी एसएसडीवर, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या डिस्कवर, उतरवली आणि ती आयडीई-एसएटीए जोडणीने जुन्या बोर्डाला लावली. एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीला 137 जीबीपुढची डिस्क ओळखता येत नसे, सर्व्हिस पॅक 1 पासून ती अडचण गेली; तरी लहान एसएसडी घेण्यात शहाणपण होते, कारण इथे जागेची गरजच नव्हती.

आश्चर्य म्हणजे एसएसडी लावूनही संगणक पूर्वीसारखाच मंद होता. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. डिस्कवर वारंवार चुका झाल्या की एक्सपी तिच्याशी डीएमए या जलद पद्धतीऐवजी पीआयओ या संथ पद्धतीने बोलू लागते आणि ही नोंद आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, कायम ठेवते. आजारी डिस्कमुळे झालेली ती नोंद प्रतीबरोबर निरोगी एसएसडीवरही आली होती. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून टाकून संगणक पुन्हा चालू केल्यावर एक्सपीने तो नव्याने ओळखला आणि वेग परत आला. ताई म्हणाल्या की इतका जलद तो नवा असतानाही नव्हता. गेले वर्षभर त्या ज्या मंदपणाला 'म्हातारपण' म्हणत होत्या, ते डिस्कच्या आजाराचे लक्षण होते आणि ते मलाही आधी कळायला हवे होते.

कपॅसिटरांच्या बाबतीत मात्र मी घाई केली. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे त्याच मायक्रोफॅरडचे आणि त्याच व्होल्टेजचे कपॅसिटर मिळाले, त्याने डाग सफाईने लावले, आणि संगणक चालू झाला. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला तसे दुपारचे बंद पडणे पुन्हा सुरू झाले. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागात कमी अंतर्गत रोधाचे, म्हणजे लो ईएसआर, आणि 105 अंश सेल्सियस तापमानाचे कपॅसिटर लागतात. टीव्हीवाल्याकडचे साधे 85 अंशांचे होते. आकडे सारखे असूनही जात वेगळी होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून योग्य कपॅसिटर मागवले, तेव्हा कुठे तो भाग शांत झाला. सोबत पॉवर सप्लाय बदलला, बॅटरी बदलली, आणि यूपीएसची दमलेली बॅटरीही.

निर्णयाचा दुसरा क्षण : सामाईक फोल्डर

संगणक नीट चालू लागताच मुलाने विचारले की दोन्ही यंत्रांतील सामाईक फोल्डर पुन्हा सुरू करता येईल का. 2019 मध्ये विंडोज 10 नव्याने बसवल्यापासून ते बंद पडलेले होते आणि त्याने त्याचे उत्तर शोधूनही ठेवले होते : विंडोज 10 मध्ये एसएमबी 1 ही नेटवर्कवरून फाइली सामाईक करण्याची जुनी सोय चालू करायची, की एक्सपी लगेच दिसू लागेल. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. 1709 या आवृत्तीपासून विंडोज 10 नव्याने बसवताना ही सोय दिली जात नाही आणि एक्सपीला तिच्याशिवाय दुसरी भाषा येत नाही.

ती सोय का काढली गेली, हेच इथे महत्त्वाचे होते. मे 2017 मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी 1 मधल्या फटीतून शिरला होता. तेव्हा मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती दिली, परंतु ती सर्व्हिस पॅक 3 असलेल्या यंत्रावर बसत होती आणि हे यंत्र सर्व्हिस पॅक 2 वर थांबलेले होते. म्हणजे एका जुन्या संगणकाच्या सोयीसाठी नव्या संगणकाचे दार उघडे ठेवायचे, आणि त्या नव्या संगणकावर मुद्रणालयाचे सगळे हिशोब आणि जीएसटीचे विवरण होते.

मी नकार दिला आणि या वेळी ताणून धरले. एक्सपीची नेटवर्क केबल काढून घेतली, आणि ती सहज पुन्हा लावली जाऊ नये म्हणून बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून, नेटवर्क कार्डच बंद केले. सर्व्हिस पॅक 3 बसवावा का, हाही प्रश्न आला होता. तुटलेल्या यंत्रावर त्याचा फायदा थोडा आणि लॉकचे ड्रायव्हर बिघडण्याची भीती मोठी, म्हणून तो बसवला नाही. ये-जा करण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठरवला, त्यावर लाल टेप लावली, आणि एक्सपीवर पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होण्याची सोय बंद केली. सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसण्याचा अनुभव गावातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याला आहे, त्यामुळे हे कारण ताईंना समजवावे लागले नाही. ग्राहकांची पेनड्राइव्ह मात्र एक्सपीला कधीच लागणार नाही, ती नव्या संगणकालाच लागेल, हा नियम पहिल्या महिन्यात दोनदा मोडला गेला. लग्नघरचा माणूस दारात उभा असतो तेव्हा नियम पाळणे अवघडच असते.

या तोडण्याने प्रत्यक्ष कामात फारसे अडले नाही, ही गोष्ट आधी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. बटर पेपरचा प्रिंट एक्सपीवरून थेट प्रिंटरला जात होता. नेटवर्क फक्त ग्राहकाचा मजकूर आणण्यासाठी वापरले जाई, आणि तो मजकूर व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये येत असल्यामुळे ताई तो समोर मोबाइल ठेवून पुन्हा टंकतच होत्या.

युनिकोडकडे वाटचाल

जुन्या फाइलींचे रूपांतर सरसकट करायचे की नाही, यावर मतभेद झाला. मुलाला सगळे एकदम हवे होते. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत आणि त्यांतील एक आम्ही वापरून पाहिले. पहिल्याच लग्नपत्रिकेत 'आशीर्वाद'चे 'आशीवार्द' झाले आणि निमंत्रकांत 'कुलकर्णी'चे 'कुलकणीर्'.

कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जातात. रफार अक्षराच्या आणि काना-वेलांटीच्या नंतर येतो, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : र् आधी, मग ज्यावर तो चढतो ते अक्षर, आणि वेलांटी नेहमी अक्षराच्या नंतर. रूपांतरकाने तुकडे नुसते बदलले आणि क्रम लावला नाही, तर असे शब्द जन्माला येतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला चंद्रकोरीसारखा र आणखी अवघड, कारण तो कुठल्या तुकड्यातून काढला आहे हे फॉन्टागणिक वेगळे असते. आणि 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये 2008 साली, 5.1 या आवृत्तीत आले; जुन्या फाइलींत त्यासाठी अ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडलेले होते.

आम्ही ठरवले की ज्या कामाची मागणी पुन्हा येईल तेवढेच रूपांतरित करायचे. आडत दुकानांच्या हिशोबपट्ट्या दरवर्षी येतात आणि त्यांत हमाली, तोलाई, आडत असे मोजकेच शब्द असतात, म्हणून ती कामे आधी घेतली. लग्नपत्रिका प्रत्येक वेळी नवीच असते, त्यामुळे जुन्या पत्रिकांचा मजकूर रूपांतरित करण्यात अर्थ नव्हता. त्यांतल्या किनारी आणि गणपतीची चित्रे तेवढी वेगळी काढून घेतली. नव्या संगणकावर स्क्रायबस हे पाने जुळवण्याचे मोफत सॉफ्टवेअर आणि मुक्ता, बलू यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट बसवले. मोठा खर्च करून इनडिझाइन घ्यावे का, हे पुढच्या वर्षावर ढकलले.

ताईंचा विरोध फॉन्टला नव्हता, कळफलकाला होता. वीस वर्षे जी बोटे एका क्रमाने चालली त्यांना इनस्क्रिप्ट या युनिकोडच्या प्रमाण कळफलकावर वळवणे हा मानभंग आहे, असे त्या म्हणाल्या, आणि मला ते पटले. जुन्या कळफलकाच्या मांडणीने युनिकोड टंकता येईल असा आराखडा मी त्यांच्यासाठी बनवून दिला. त्याआधी दीड महिना नवा संगणक नुसता झाकून ठेवलेला होता. हा आराखडा पहिल्या आठवड्यात द्यायला हवा होता.

परिणाम

निवडणुकीची पत्रके वेळेत गेली, त्यांपैकी बहुतेक नव्या संगणकावरूनच, कारण ती कामे कोऱ्या पाटीवरची होती. मार्चमध्ये चार दिवसांचे काम आणि दोन ग्राहक गेले. त्यांपैकी एक परत आला. सप्ताहाच्या पत्रिकांचे हरवलेले फोल्डर परत मिळाले नाही. गावोगावच्या मंडळींनी जपून ठेवलेल्या छापील पत्रिका पाहून ताईंनी त्यांतल्या काही नव्याने जुळवल्या.

वर्षभरानंतर, 2025 च्या मार्चमध्ये, पावतीपुस्तकांची बहुतांश कामे नव्या संगणकावर आली होती. एक्सपी आठवड्यातून दोन-तीनदा चालू केली जाते, बहुधा जुने प्रगतिपुस्तक किंवा एखाद्या संस्थेचे जुने लेटरहेड काढण्यासाठी. तिच्या डिस्कची तंतोतंत प्रत दोन ठिकाणी आहे, एक मुद्रणालयात आणि एक माझ्याकडे. एका शाळेच्या संगणक कक्षातून भंगारात निघालेला त्याच चिपसेटचा मदरबोर्ड मी विकत घेऊन कपाटात ठेवला आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या संध्याकाळचा निर्णय चुकला. रविवारच्या लग्नाची ती एक पत्रिका नव्या संगणकावर, कुठल्याही युनिकोड फॉन्टमध्ये, दोन तासांत नव्याने जुळवता आली असती आणि जुना संगणक तेव्हाच बंद करता आला असता. समोरच्या माणसाची घाई पाहून आम्ही जुन्या यंत्रावरच ते काम झाले पाहिजे असे गृहीत धरले. हे गृहीतक तपासायला पाच मिनिटे लागली असती.

2014 चा सल्लाही अपुरा होता. इंटरनेट तोडा एवढेच मी म्हणालो, फाइलींची प्रत काढा असे म्हणालो नाही. आणि प्रत काढणे हे तोडण्याहून स्वस्त होते. त्या वेळी डिस्क निरोगी होती, लॉक बनवणाऱ्यांकडून नव्या यूएसबी लॉकविषयी विचारणा करता आली असती, आणि सीएस6 बाजारात असल्यामुळे पेजमेकरच्या फाइली पुढच्या स्वरूपात नेण्याची वाटही उघडी होती. आम्ही थांबलो त्या दहा वर्षांत ती दारे एकामागून एक बंद होत गेली.

कपॅसिटरांचा दर्जा न तपासता दुरुस्ती करून घेणे हे माझ्या अननुभवाचे होते. मी सॉफ्टवेअरचा माणूस, आणि मायक्रोफॅरड जुळले की झाले असे समजून बसलो.

एक जोखीम अजून तशीच आहे. लॉकची प्रत निघत नाही. ते गेले तर जुन्या फाइली पाहता येतील, त्यांत एक काना बदलता येणार नाही. पॅकेज बनवणाऱ्यांकडे मुलाने दोनदा विचारणा केली, उत्तर आलेले नाही. तोवर रूपांतर करायच्या कामांची यादी ताईंनी एका फुलस्केप वहीत केली आहे आणि एकेक काम झाले की त्या त्यावर रेघ मारतात. साफसफाई करताना कोणी लॉक ओढून काढू नये म्हणून त्यांनी ते सुतळीने केसिंगच्या मागच्या स्क्रूला बांधून ठेवले आहे.